मीटर बॉक्सवरची चावी

बोरिवली असो की मुलुंड, कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्यात उभं राहावं आणि अंदाज करावा, की समोरच्या कुलूपबंद घराची जादा चावी कुठे असेल. मीटर बॉक्सच्या डोक्यावर. चपलांच्या स्टँडमधल्या, कुणीच न घालणाऱ्या बुटात. तुळशीच्या कुंडीखाली. पायपुसण्याखाली. तिथेही नसेल, तर समोरच्या काकूंकडे. चारपाच अंदाजांत चावी बहुधा सापडते, कारण ती लपवणाऱ्यानंही आपल्यासारखाच विचार केलेला असतो. कुलूप किती लिव्हरचं आहे, याच्याशी चोराला मग काही घेणंदेणं उरत नाही.

पासवर्ड तोडणाऱ्याचं कामही असंच चालतं. तो जगातल्या सगळ्या अक्षरांच्या सगळ्या जुळण्या करत बसत नाही. माणसं चावी कुठे ठेवतात याची त्याच्याकडे यादी असते, आणि तो आधी मीटर बॉक्स चाचपतो. १२३४५६. मुलीचं नाव. कुलदैवत. गाडीचा नंबर. लग्नाचं साल.

या प्रकरणात सांगायची गोष्ट एकच आहे. पासवर्ड सुचवण्याच्या कामात आपलं डोकं कच्चं आहे आणि लक्षात ठेवण्याच्या कामात चांगलंच पक्कं. आपण मात्र कामाची वाटणी उलटी केली आहे. सुचवायला डोकं राबवतो, आणि लक्षात ठेवायची वेळ आली की हात टेकतो.

परवल कोण ठरवत असे?

मराठीत पासवर्डला 'परवलीचा शब्द' हे नाव आधीपासून आहे. रात्री छावणीच्या वेशीवर पहारेकरी हटकणार, येणारा ठरलेला शब्द सांगणार, मगच आत सोडलं जाणार. या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही: तो शब्द शिपाई ठरवत नसे. तो वरून यायचा. शिपायानं फक्त तो लक्षात ठेवायचा आणि वेळेला बोलायचा.

संगणकाच्या दुनियेत हे उलटं झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा उभी केली. एकच मोठा संगणक, आणि तो एकाच वेळी अनेकांनी वापरायचा. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला त्या संगणकावर मिळणारे आठवड्याचे ४ तास पुरेनात. त्यानं पंचकार्डावर विनंती टाकून पासवर्डांची अख्खी फाईलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळेवर काम उरकू लागला. पासवर्ड जन्माला आला आणि वर्षा-दीड वर्षात त्याची यादीही फुटली.

लोक कसले शब्द निवडतात, याची पहिली नामांकित मोजदाद १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. काही एकाच अक्षराचे निघाले, काही दोन, काही तीन अक्षरांचे, काही सरळ शब्दकोशातले किंवा नावांच्या यादीतले. अशा सहज ओळखता येण्यासारख्या पासवर्डांची बेरीज भरली ८६ टक्के. हे सगळे संगणकाशी रोजचा संबंध असलेले लोक होते, हे विसरू नये.

तीस वर्षांनी, २००९ च्या डिसेंबरात, 'रॉकयू' नावाच्या अमेरिकन कंपनीच्या ३ कोटी २० लाख खात्यांचे पासवर्ड चोरीला गेले. कंपनीनं ते जसेच्या तसे, उघडे ठेवले होते. त्यांत १२३४५६ हा पासवर्ड लावणारे सुमारे २ लाख ९० हजार जण होते. ती यादी आजही पासवर्ड तोडणाऱ्यांचं पहिलं पाठ्यपुस्तक आहे.

चटणी, मीठ आणि पाटा

शहाणी कंपनी आपला पासवर्ड साठवत नाही. तिच्याकडे त्याची चटणी असते. खोबरं, मिरची, लसूण मिक्सरमधून काढलं की चटणीतून परत खोबऱ्याची वाटी मिळत नाही. मात्र तेच जिन्नस त्याच मापानं घेतले तर हुबेहूब तीच चटणी पुन्हा होते. आपण पासवर्ड टाकला की कंपनी त्याची ताजी चटणी करते आणि बरणीतल्या चटणीशी ताडून पाहते. जुळली, तर दार उघडतं. या एकमार्गी वाटण्याला संगणकाच्या भाषेत हॅश म्हणतात.

चोर बरणी पळवतो तेव्हा त्याच्या हाती चटणीच लागते. मग तो आपल्या यादीतला एकेक पासवर्ड घेऊन चटणी करत सुटतो आणि जुळते का पाहतो. दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर चटणीही सारखी, म्हणजे त्याचं अर्धं काम वाचलं. यावरचा तोडगा इंग्रजीतही 'मीठ' याच नावानं ओळखला जातो. प्रत्येक खात्याच्या चटणीत वेगळ्या मापाचं मीठ टाकायचं. मग पासवर्ड एकच असला तरी चव निराळी. दुसरा तोडगा, मिक्सर सोडून पाट्यावर वाटायचं. १९९९ मध्ये आलेली 'बीक्रिप्ट' ही पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली आहे. आपल्याला लॉगिन करताना क्षणभर जास्त लागला तर कळतही नाही, पण कोट्यवधी चटण्या करणाऱ्या चोराचे हात दुखतात.

कोणती कंपनी पाटा वापरते आणि कोणती जुना मिक्सर, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून हिशेब वाईटात वाईट गृहीत धरून करावा. 'एमडी५' हा जुना मिक्सर धरला, तर गेम खेळायला घेतात तसलं एक महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० हजार कोटींहून जास्त चटण्या करतं. पुढचे सगळे हिशेब मी १० हजार कोटी धरूनच केले आहेत.

आपला मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून लावणारे पुष्कळ असतात. भारतातले मोबाईल नंबर १० आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. वरच्या वेगानं सगळे तपासायला एका सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. घरच्या वायफायची पद्धत बरीच संथ आहे, पण तिथेही चांगल्या कार्डाला हे काम तास-दीड तासाचं.

मग एटीएमचा ४ आकडी पिन कसा चालतो? त्याचे तर १० हजारच पर्याय. तो चालतो, कारण तिथे बरणी चोराच्या हाती नसते. त्याला यंत्रासमोर उभं राहून अंदाज करावे लागतात आणि मोजक्या चुकांनंतर कार्ड बंद पडतं. अंदाजांची संख्या बांधलेली असेल तर छोटा पिनही पुरतो. फक्त तो जन्मसाल नसावा, कारण पहिल्या तीन अंदाजांत तेच असतं.

कॅपिटल, आकडा आणि ॲटद रेट

'किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर ९० दिवसांनी बदला.' ऑफिसात काम केलेल्या कुणाला हे पाठ नसेल? अशा नियमांना मान्यता देणारी मार्गदर्शिका अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिली. निवृत्तीनंतर २०१७ मध्ये त्यांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनं आपला सल्ला फिरवला: चिन्हांची सक्ती नको, कारण नसताना ठरावीक काळानं बदल नको, लांबी वाढू द्या, आणि फुटलेल्या याद्यांमधले पासवर्ड नाकारा.

नियम फसले, कारण ते पाळायला सगळ्यांना एकच युक्ती सुचली. पहिलं अक्षर कॅपिटल. आकडा शेवटी. चिन्ह कुठलं? ई-मेलमुळे ओळखीचं झालेलं ॲटद रेट. म्हणजे झालं: गणेश@१९८५. रोमन अक्षरांत हे अकरा अक्षरी, सगळ्या नियमांत चपखल बसणारं, आणि वेबसाइटची पट्टी त्याला हिरव्या रंगात 'मजबूत' म्हणते. हिशेब करू. नावं १० हजार धरा, सालं १००, चिन्हं १०. गुणाकार १ कोटी. सेकंदाला १० हजार कोटींच्या वेगापुढे १ कोटी म्हणजे काहीच नाही. दर ९० दिवसांनी बदलायची सक्ती केली तर १९८५ चं १९८६ होतं, इतकंच.

हा साचा आपल्या हातात इतका मुरला आहे, की सरकारी कागदपत्रंही त्याच वळणाची. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल टाकायचं, हे झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक असतं. ती सोय म्हणून ठीक आहे, फाईल चुकून भलत्या माणसाकडे गेली तर निदान सहज उघडू नये इतक्यापुरती. पण हाताला लागलेलं वळण माणूस बँकेच्या दारातही घेऊन जातो.

'मग लांबलचक करू,' असं म्हणून कुणी हुशारी करतो आणि मेट्रो धरतो: वर्सोवा, डी. एन. नगर, आझाद नगर, अंधेरी... ८ जून २०१४ ला सुरू झालेल्या या मार्गावर घाटकोपरपर्यंत १२ स्थानकं आहेत. सगळी ओळीनं लिहिली तर शंभराच्या आसपास अक्षरं भरतील. तरीही तो एकच अंदाज आहे, कारण तो क्रम डब्याच्या दारावर छापलेला असतो. बरं, क्रम मोडून त्यातली चार स्थानकं कशीही उचलली तर? १२ गुणिले १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे २०,७३६. चार शब्द दिसायला भरगच्च. पण ज्या पिशवीतून काढले तीच इवलीशी.

पासवर्डचं बळ अक्षरं मोजून कळत नाही. तो किती मोठ्या पिशवीतून, किती वेळा आणि कुणी काढला, यावर ते ठरतं. 'कुणी' हे सर्वांत महत्त्वाचं. मनानं काढला तर पिशवी कितीही मोठी असो, हात ठरलेल्या कोपऱ्यातच जातो.

हाऊजीची पिशवी

मन बाजूला ठेवून निवड करण्याचं साधन उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहे. गणपतीत सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी ते बाहेर निघतं, बाकी वर्षभर ऑफिसच्या कपाटात धूळ खातं: हाऊजीचा संच. १ ते ९० आकडे आणि एक पिशवी.

कपाटातलं एखादं जाडसर मराठी पुस्तक घ्या. पिशवी हलवा, आकडा काढा: ते पान. आकडा परत टाकून पिशवी पुन्हा हलवा, दुसरा काढा: त्या पानावरचा तितकावा शब्द. 'आहे', 'आणि', 'तो' असलं काही आलं तर पुढचं पहिलं नाम घ्या. झाला एक शब्द. ९० गुणिले ९० म्हणजे ८,१०० जागांतून तो आला. असे सहा काढा.

ही युक्ती मी शोधलेली नाही, फक्त हाऊजी आपली आहे. १९९५ मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड यांनी 'डाइसवेअर' नावाची पद्धत मांडली. तीत सापशिडीतल्यासारखा फासा पाच वेळा टाकायचा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द उचलायचा. पाच फाशांची पिशवी आणि हाऊजीची दोन आकड्यांची पिशवी जवळजवळ सारख्याच मापाची भरते.

आता हिशेब. मघाच्याच कार्डाला असे चार शब्द पुरे तपासायला १२ तास लागतात. तुलनेसाठी, कीबोर्डावरची आठ अक्षरं-चिन्हं पूर्ण स्वैर घेतली, तर ती १८ तासांत संपतात. पाच शब्दांना ११ वर्षं. सहा शब्दांना सुमारे ८९ हजार वर्षं. पुस्तकात तेच ते शब्द पुन्हा येतात, म्हणून प्रत्यक्षातली पिशवी ८,१०० पेक्षा लहान असते. अगदी दोन हजारच वेगळे शब्द धरले, तरी सहा शब्दांना २० वर्षं लागतात. सहावा शब्द घ्यायचा तो या तुटीसाठीच.

समजा, निघालं: खिंड, दोरी, साबण, वकील, पाचोळा, तराजू. हे पाहून हात शिवशिवतो. 'पाचोळा काही बरा वाटत नाही, पुन्हा काढू या का?' नाही. म्हाडाच्या सोडतीत कुणी 'हा मजला नको, आणखी एक चिठ्ठी काढा' म्हणू शकत नाही. इथेही सोडत लागली ती लागली. आवडता शब्द येईपर्यंत काढत राहिलात, तर निवड पुन्हा मनानंच केली. शब्दांचा क्रमही बदलायचा नाही. आणि वरचे सहा शब्द आता छापले गेले आहेत, तेव्हा ते कुणीच वापरायचे नाहीत.

मराठी माणसाला यात एक अडचण येते, ती लिपीची. बऱ्याच वेबसाइट देवनागरी पासवर्ड घेत नाहीत. घेतात तिथेही धोका असतो. 'वाऱ्यावर' या शब्दातला ऱ संगणक दोन तऱ्हांनी साठवू शकतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण चटणीचे जिन्नस वेगळे. वेबसाइटनं आधी ते एकसारखे करून घेतले नाहीत, तर घरच्या लॅपटॉपवर चालणारा पासवर्ड पुतण्याच्या मोबाईलवर नाकारला जाईल आणि कारण कुणालाच कळणार नाही. म्हणून शब्द मराठी ठेवा, टायपिंग रोमन अक्षरांत करा, आणि स्पेलिंग एकदाच पक्कं ठरवा. वकीलचा व व्हीनं की डब्ल्यूनं? तराजूचा शेवट एका यूनं की दोन ओंनी? उत्तर कुठलंही चालेल, बदललेलं चालणार नाही.

परवचा

'सहा अर्थहीन शब्द या वयात लक्षात राहतील का?' हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना पसायदान तोंडपाठ असतं, आरत्या क्रमानं येतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पावकी-निमकीपासून दिडकी-अडीचकीपर्यंतचे पाढे मध्यरात्री उठवून विचारले तरी सांगता येतात. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा म्हणायचा, ही काही बुद्धिमत्तेची कसोटी नव्हती. थोडं थोडं, रोज, ठरल्या वेळी, न पाहता: एवढंच तिचं तंत्र.

या तंत्राची नेमकी पासवर्डसाठी परीक्षाही झाली आहे. २०१४ मध्ये जोसेफ बॉनो आणि स्टुअर्ट शेक्टर या संशोधकांनी काही लोकांना पंधरा दिवस एका वेबसाइटवर वेगळ्याच कामासाठी बोलावलं. दर लॉगिनच्या वेळी त्यांना यंत्रानं काढलेला एक संकेत पडद्यावर पाहून टाकावा लागे. कुणाला अक्षरं, कुणाला शब्द. संकेत थोडा थोडा करत वाढवला जाई: शेवटी १२ अक्षरं किंवा ६ शब्द. गंमत अशी, की दर वेळी तो पडद्यावर उमटायला आधीपेक्षा किंचित जास्त वेळ घेई. वाट पाहायचा कंटाळा आला की माणूस आठवून टाकू लागे. ९४ टक्के लोकांना संकेत पाठ झाला. निम्म्या लोकांना त्यासाठी ३६ किंवा त्याहून कमी लॉगिन पुरले. निदान तीन दिवसांच्या खंडानंतर विचारलं, तेव्हा ८८ टक्क्यांनी तो अचूक सांगितला. 'पाठ करा,' असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

घरी हेच करता येतं. पहिल्या दिवशी सहा शब्दांचं एक चित्र मनात रंगवा: खिंडीत दोरी बांधलेली, दोरीवर साबण वाळत घातलेला, शेजारी काळ्या कोटातला वकील पाचोळा तराजूत जोखतो आहे. चित्र जितकं वेडगळ तितकं चिवट. मग सकाळी एकदा, रात्री एकदा, चिठ्ठीकडे न पाहता टाइप करा. अडलात तरच पाहा. सुरुवातीचे काही आठवडे चिठ्ठी पाकिटात राहिली तर चालेल. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं की पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा, कारण कागदाचे महत्त्वाचे कपटे सांभाळायची आपल्याला सवय असते. सकाळी ८:१२ च्या विरार लोकलमध्ये पाकीट मारलं जाईल ही भीती असेल, तर चिठ्ठीवर खात्याचं नाव घालू नका. नुसत्या सहा शब्दांचं पाकीटमाराला काय होणार?

बाकीच्या शंभर चाव्या

अशी पाठ करायची चावी किती खात्यांसाठी? फार तर तीन: लॅपटॉप, मुख्य ई-मेल, आणि पासवर्ड सांभाळणारं ॲप. ई-मेल या तिघांत थोरलं, कारण इतर सगळ्या खात्यांचं 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पोचतं.

रेल्वे तिकीट, वीजबिल, किराणा, शाळेचं पोर्टल, लग्नाच्या स्थळांची साइट: या सगळ्यांचे पासवर्ड तुम्हाला माहीत असायचंही कारण नाही. बिटवॉर्डन किंवा कीपाससारखं ॲप, नाहीतर गूगल-ॲपलच्या फोनमध्ये आयतीच असलेली सोय, प्रत्येकासाठी वीस-वीस अक्षरांचा वेगळा कचरा तयार करते आणि लक्षातही ठेवते. 'वेगळा' हा शब्द मोलाचा. चोर एका फडतूस साइटवरून फुटलेली ई-मेल आणि पासवर्डची जोडी घेऊन शंभर मोठ्या साइटींची दारं वाजवतो. घराला, दुकानाला आणि बँकेच्या लॉकरला एकच चावी लावली, की स्कूटरच्या डिकीतून ती गेली तरी सगळं गेलं.

'पण सगळे दागिने एकाच लॉकरमध्ये?' शंका रास्त आहे. २०२२ मध्ये असंच ॲप पुरवणाऱ्या लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. त्या वेळी खरा धोका कुणाला होता? ज्यांची मुख्य चावी गणेश@१९८५ छापाची होती त्यांना. सोडतीची चावी लावलेली तिजोरी चोराच्या घरी पडून राहिली तरी उघडत नाही.

ज्यांना ॲप झेपत नाही त्यांनी डायरी ठेवावी, खुशाल. विक्रोळीत बनलेल्या लोखंडी कपाटातली डायरी नायजेरियात किंवा हरियाणातल्या नूहमध्ये बसलेल्या कुणाला वाचता येत नाही. फक्त तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या 'फॅमिली' ग्रुपवर टाकू नये.

सोसायटीच्या कमिटीनंही आपलं दप्तर तपासावं. सेक्रेटरी बदलले की कपाटाच्या चाव्या पंचनामा केल्यासारख्या मोजून दिल्या जातात, पण सोसायटीच्या ई-मेलचा पासवर्ड चार कमिट्यांपूर्वीचाच असतो. लॉबीतल्या सीसीटीव्हीच्या डब्याला तर कारखान्यातून आला तोच. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरचे असे लाखो कॅमेरे आणि डबे ताब्यात घेतले. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस्स.

लाल महालाचा पहारेकरी

५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्यात, शाइस्ताखानाच्या लाखाच्या फौजेच्या गराड्यातून लाल महालाकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना हटकलं गेलं. आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमलेल्या चौकीवर चाललो आहोत, असं उत्तर दिल्याचं इतिहासकार सांगतात. पहारेकऱ्यानं वाट सोडली. इथे कुलूप तुटलं नाही की भिंत फुटली नाही. ओळखीचं वाटेल असं उत्तर आणि ते देण्याचा सहजपणा, एवढ्यानं काम झालं.

महाराजांचा तो पराक्रम आपल्या अभिमानाचा. पण रोजच्या व्यवहारात आता पहारेकरी आपण आहोत, आणि हटकल्यावर सफाईदार उत्तर देणारे फोन आपल्याला येतात. २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या बँकग्राहकांचा विश्वास मिळवून त्यांचे पिन बोलता बोलता काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. कुणाचाही पिन 'तोडला' गेला नव्हता. हाऊजीच्या पिशवीतून आलेले सहा शब्दही फोनवर सांगितले की संपले.

म्हणून दाराला दुसरी कडी हवी. रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी ती १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. तिचं ओटीपी हे रूप पुढे घराघरांत पोचलं. तीही अभेद्य नाही. २०१८ च्या डिसेंबरात माहीमच्या एका व्यापाऱ्याच्या फोनवर रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळपर्यंत त्याचं सिम बंद पडलं होतं आणि खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये गेले होते. त्याच्या नंबरचं दुसरं सिम भामट्यांनी काढलं होतं, त्यामुळे ओटीपी त्यांच्याकडे गेले. निदान ई-मेलसाठी तरी एसएमएसऐवजी फोनमध्येच आकडे तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप लावावं. फोनचं नेटवर्क विनाकारण बराच वेळ गेलं, तर टॉवरला दोष देत बसण्याआधी दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारावं. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आणि फसलात, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवावा. पैसा खात्यांतून पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली, तर तो अडवता येण्याची शक्यता असते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क नुसार ३ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, पण कायदा चोरीनंतर येतो.

लिफाफा

पासवर्ड हळूहळू जाणार, असं सांगितलं जातं. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'पासकी'ला बळ दिलं. तिच्यात फोन स्वतःच चावी बनवतो, ती फोनमधूनच सही करते, आणि खोट्या साइटवर चालतच नाही. जिथे मिळेल तिथे ती जरूर घ्यावी. तरी फोन हरवला की नव्या फोनवर पहिलं दार उघडायला बहुधा एखादा शब्द लागेलच.

आणि माणूसच गेला तर? बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, डोक्यातल्या सहा शब्दांना नसतो. फोटो, वीजबिल, डीमॅट, सोसायटीची पावती सगळं त्यांच्यामागे अडकतं, आणि दहाव्याच्या आधीच मुलं वडिलांचा फोन हातात घेऊन वाढदिवसाच्या तारखा टाकून पाहू लागतात. तेव्हा आपण फार हुशार होतो, एवढंच सिद्ध होतं.

म्हणून शेवटचं काम असं. ते सहा शब्द स्वच्छ अक्षरांत, ठरवलेल्या स्पेलिंगसह कागदावर लिहा. लिफाफ्यात घालून चिकटवा, चिकटवल्या जागेवर सही करा आणि दागिन्यांच्या डब्याखाली ठेवा. तो कुठे आहे, हे घरातल्या एकाच माणसाला, डोळ्यांत पाहून सांगा. अधूनमधून दिवाळीची साफसफाई करताना सही शाबूत आहे ना, ते पाहा. फाटलेली दिसली तर सोसायटीच्या कपाटातली हाऊजीची पिशवी मागून आणा.

मीटर बॉक्सवर मात्र पुन्हा काही ठेवू नका. तिथे आधी चोर बघतो, मग पाल, आणि सर्वांत शेवटी घरमालक.